रात्रीच्या गाडीने माहेरी

मैत्रिणींनो, माहेर चाळीस किलोमीटरवर असो की चारशे, तिथे जायचे म्हटले की आपली खरी अडचण अंतराची नसते, दिवसांची असते. मुलांची शाळा, ह्यांचे ऑफिस, सासूबाईंचे पथ्य, आणि माझ्यासारखी तासिकेवर शिकवणारी असली तर चुकलेल्या तासाचे पैसेही कापून जातात. मग दिवस आणायचा कुठून? तर तो रात्रीतून काढायचा. शुक्रवारी रात्रीची जेवणे उरकून, ओटा पुसून, दह्याला विरजण लावून घराबाहेर पडावे आणि शनिवारी सकाळी आईच्या हातचा चहा प्यावा, ही सोय रात्रीच्या बसने आपल्याला दिली. सोय म्हटली खरी, पण तिच्या पदराला बांधून जे जे येते तेही आज सांगणार आहे.

मी कामोठ्याला राहते. आमच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडे आणि त्यांत निदान आठ-नऊ जिल्हे. तळमजल्यावर चिपळूणच्या काकू, समोर लातूरचे कुटुंब, वर यवतमाळच्या एक शिक्षिका, आणि पलीकडच्या विंगमध्ये पाटण तालुक्यातले माथाडी आजोबा, ज्यांची सारी हयात बाजारात पोती उचलण्यात गेली. नवी मुंबई घडलीच अशी. १७ मार्च १९७० ला सिडकोची स्थापना झाली, आगरी-कोळ्यांच्या शेतांवर आणि मिठागरांवर वसाहती उठल्या (खरे गाव त्यांचे; आपण सारे नंतर आलेले), मग मुंबईतले घाऊक बाजार एकेक करून वाशी-तुर्भ्याला आले आणि बाजारामागून माणसे आली. त्यामुळे इथे दिवाळी-मे महिन्यात "गावाला कधी?" असे विचारतात, "जाणार का?" असे कुणी विचारतच नाही.

कोकणवाल्यांना निदान १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि गाडी पनवेलला थांबते. आम्हा कोल्हापूरकडच्यांची महालक्ष्मी एक्सप्रेस जाते कल्याणवरून. म्हणजे रात्री मुले, पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत आधी कल्याण गाठा! त्यातून माझे माहेर गडहिंग्लज, तिथे रेल्वे नाहीच. उलव्याला ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचे उद्घाटन झाले, डिसेंबरात विमाने उडू लागली, मुले गच्चीवर जाऊन ती मोजतात. पण आमच्या इमारतीची वरात अजून कळंबोलीच्या नाक्यालाच जाते.

हा कळंबोलीचा नाका शुक्रवारी रात्री दहानंतर एकदा बघण्यासारखा असतो. पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग इथूनच सुरू होतो, त्यामुळे मुंबईहून निघालेल्या गाड्या शेवटची माणसे उचलायला इथे थांबतात. कुणी सोलापूरच्या गाडीची वाट बघतो, कुणी सांगलीच्या, कुणी नांदेडच्या. बायका सामानावरच बसलेल्या. बसायला दुसरे काही नाहीच. मुले पेंगत असतात आणि पुरुषमंडळी फोन कानाला लावून एकच प्रश्न विचारत असतात, "गाडी कुठवर आली?" पलीकडून उत्तर येते, "आत्ता वाशी." हे 'आत्ता वाशी' चांगला अर्धा तास टिकते, हे मी अनुभवाने सांगते. मग कुणीतरी शहाणा आपल्या मोबाईलवर गाडीचा ठिपका कुठे सरकतोय ते दाखवतो आणि सगळे त्याच्याभोवती गोळा होतात. पावसाळ्यात मात्र यातली सगळी गंमत वाहून जाते. डोक्यावर छप्पर नाही, अंगावर चिखल उडतोय, आणि अंधारात समोरून येणाऱ्या गाडीवरची पाटी वाचता येत नाही. अशा वेळी गाडीचा नंबर आधीच कागदावर लिहून ठेवलेला बरा. आमचे हे तो लिहून घेतल्याशिवाय घराचे दार ओढत नाहीत. पहिल्यांदा मला त्याचे हसू आले होते, आता मीच विचारते, "नंबर घेतलात ना?"

एक नवी गोष्ट लक्षात ठेवा. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा-शेवा असा समुद्रावरचा अटल सेतू सुरू झाला. मुंबईहून येणारी जी गाडी त्या सेतूवरून येते ती वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर ही आपली गावे टाळूनच पुढे निघते. तेव्हा आरक्षण करताना आपला थांबा त्या गाडीला आहे ना, हे विचारून घ्यावे. आमच्या शेजारणीचा दीर जुईनगरला उभा आणि गाडी समुद्रावर, असा प्रकार घडून गेला आहे.

आता एस. टी. की ट्रॅव्हल्स, हा वाद. आमच्याकडे तो जेवणाच्या ताटावर बसून होतो. सासूबाई एस. टी.च्या बाजूच्या, ह्यांना ट्रॅव्हल्स हवी. १ जून १९४८ ला पुणे आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर पहिली एस. टी. धावली. सासूबाई बोलतात मात्र जणू त्या त्याच गाडीत होत्या, इतक्या जिव्हाळ्याने. रात्री धावणाऱ्या गाड्यांना 'रातराणी' हे नाव ज्याने कुणी दिले असेल त्याला मनापासून नमस्कार करावासा वाटतो. सरकारी कारभारात इतका सुवासिक शब्द क्वचित सापडतो. रातराणीत आडवे होता येतेच असे नाही. बऱ्याच गाड्यांत सीटवर बसूनच रात्र काढायची असते, खिडकीची काच धक्क्याने खाली सरकते, आणि पहाटेला मान अशी आखडते की आईने मारलेल्या हाकेकडेही अख्ख्या अंगाने वळावे लागते. पण ती गाडी स्टँडमध्ये जाते. स्टँडवर दिवा असतो, चौकशीची खिडकी असते, गणवेशातला माणूस असतो. मध्येच बंद पडली तर त्याच तिकिटावर मागून येणाऱ्या एस. टी.त बसवून देतात. बाईमाणसाला रात्री या गोष्टींची किंमत गादीपेक्षा जास्त आहे, हे माझे मत.

ट्रॅव्हल्सची बाजू सांगायची तर झोप. शयनगाडीतला बर्थ म्हणजे पडदा लावलेले फडताळच. त्यात आपण, मूल, पर्स आणि पाण्याची बाटली रचून ठेवायची. थंडगार हवा, पांघरायला चादर, मोबाईल चार्ज करायला भोक. मात्र वरचा बर्थ मिळाला की साडी नेसून त्या लोखंडी शिडीवर चढणे ही कसरत आहे. प्रवासापुरता पंजाबी ड्रेस घाला, सासूबाईंना मी समजावेन. बर्थ घेताना लहान मूल बरोबर असेल तर खालचा घ्यावा. सीट असेल तर मागच्या चाकांवरची आणि अगदी शेवटची टाळावी, कारण रस्त्यातला प्रत्येक खड्डा तिथे आधी पोचतो. मधल्या, दोन्ही चाकांच्या दरम्यानच्या सीटवर धक्के सर्वांत कमी. एकटी असाल तर एकाचा बर्थ मागा, नाहीतर शेजारी बाईच येईल अशी जागा घ्या. मोबाईलवर आरक्षण करताना बायकांच्या जागा बहुधा गुलाबी रंगात दिसतात, त्या बघून जागा निवडता येते.

आणि भाडे? सणासुदीला ट्रॅव्हल्सचे भाडे ऐकले की गावी जायचे की विमानाने काशीला, असा प्रश्न पडतो. पुष्कळ जणींना हे ठाऊक नसते की २७ एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे खाजगी बसला त्याच प्रकारच्या एस. टी.च्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त भाडे घेता येत नाही. जास्त घेतले तर प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे तक्रार करता येते. तिकीट जपून ठेवावे, तक्रारीला तेच उपयोगी पडते. आता गणपतीच्या आदल्या रात्री कोण तिकीट आणि तक्रार घेऊन बसते, असे तुम्ही म्हणाल, आणि तुमचे म्हणणे खोटे नाही. म्हणून तर त्यांचे फावते.

आता जरा नाजूक विषय, पण आपल्यातच बोलायचे तर बोलू या. रात्रीच्या प्रवासाला निघणारी बाई संध्याकाळी पाचपासून पाणी पीत नाही. खरे की नाही? मीही तशीच होते. गाडी कुठे थांबेल, थांबली तर तिथे बायकांची सोय असेल का, असली तर तिला कडी असेल का, दिवा असेल का, आणि आपण आत असताना गाडी निघून तर जाणार नाही ना! पुरुषांना सगळा रस्ताच मोकळा. आपण मात्र ओठ कोरडे करून, पोट आवळून आठ-नऊ तास बसायचे. दोन वर्षे असे केल्यावर मला लघवीच्या जळजळीचा जो त्रास सुरू झाला त्यावर औषध देताना डॉक्टरीणबाईंनी विचारले, "बसने फार जाता का हो?" त्यांच्याकडे अशा कितीतरी बायका येतात म्हणे. पाणी तोडू नका, त्यांनी बजावले, हवे तर थोडे थोडे प्या, आणि गाडी थांबेल तिथे लागो न लागो, उतरून जाऊन या.

तेव्हापासून माझा नियम असा: गाडीत चढताच चालकाला किंवा क्लीनरला सरळ विचारायचे, "दादा, गाडी कुठे-कुठे थांबणार? बायकांची बाथरूम आहे ना तिथे?" पहिल्यांदा तोंडातून शब्द फुटत नाही. पण एकीने विचारले की मागून चार जणी मान डोलावतात. मध्येच गरज लागली तर गाडी थांबवायला सांगावे, पण अंधाऱ्या रस्त्याकडेला नव्हे. टोल नाका किंवा पेट्रोल पंप येईल तिथे. उतरताना शेजारणीला "मी येतेय हो" असे सांगून जावे आणि शक्य तर दोघी-तिघींनी मिळून जावे. एका बसस्थानकावर भिंतीवर 'महिलांसाठी मोफत' लिहिलेले आणि दारात बसलेला माणूस पाच रुपये मागत होता. मी पाटीकडे बोट दाखवले तर म्हणाला, "ती पाटी जुनी आहे." २०११ साली मुंबईत काही संस्थांनी मिळून 'राइट टू पी' नावाची चळवळ सुरू केली, ती नेमकी याचसाठी. नाव ऐकून आधी आपण पदर तोंडाला लावतो, पण रात्री दोन वाजता हायवेवर उभे राहिले की त्या नावात लाजण्यासारखे काही वाटत नाही.

खाण्याचे म्हणाल तर धाब्यावरच्या लाल रश्श्याच्या वाटेला जाऊ नये. पुढे घाट आहेत. मी गुळाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एक-दोन केळी घेते. तोंडात ठेवायला आवळासुपारी, लिंबाची फोड. मुलांना गाडी लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आधीच द्यावी, घाट लागल्यावर दिलेली गोळी दशमीबरोबर बाहेरच येते. दोन-चार प्लॅस्टिकच्या पिशव्या पर्समध्ये असू द्याव्यात. पैसे एकाच जागी ठेवू नयेत. आणि एक शाल, एक कानटोपी. वातानुकूलित गाडीत वरच्या झोताचे तोंड फिरवायला गेले की ते हमखास आपल्याकडेच वळते.

खरे सांगू? इतके सगळे असूनही मला हा रस्ता आवडतो. माझ्या लहानपणी मावशीकडे मुंबईला येताना गाडी जुन्या रस्त्याने बोरघाट उतरायची. घाटात अमृतांजन पूल यायचा. तो इंग्रजांच्या काळचा दगडी पूल. त्याच्यावर त्या बामची जाहिरात असे म्हणून नाव पडलेले. पूल दिसला की आई पिशवीतून खरेच अमृतांजनची बाटली काढून आमच्या कपाळाला चोळायची. आम्हाला वाटे, तसा नियमच आहे. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला, पंचाण्णव किलोमीटर सरळ, सहा पदरी, बोगद्यांतून जाणारा. पुढे एप्रिल २०२० मध्ये, सगळे घरात कोंडलेले असताना, तो पूल स्फोटाने पाडला. टी. व्ही.वर ते बघताना आईचा फोन आला. "बघितलंस?" एवढेच म्हणाली.

पुण्यात गाडी शिरत नाही, बाहेरूनच वळसा घेते. वाकड, चांदणी चौक, नवले पूल. रात्री एकच्या सुमाराला तिथे रस्त्याकडेला हॉस्टेलच्या मुली पाठीवर सॅक घेऊन उभ्या असतात. त्या चढल्या की गाडीत थोडा वेळ कुजबूज, मग पुन्हा शांत. पुढे खंबाटकी. आम्ही वर्षानुवर्षे जाताना घाट चढलो आणि येताना बोगद्यातून आलो, त्यामुळे माझ्या मुलाची समजूत अशी होती की माहेरचा रस्ता चढाचा आणि घरचा सपाट! साताऱ्यानंतर मला झोप लागते. कराड कधी गेले कळत नाही. जाग येते ती उसाच्या वासाने. हंगामात पेठ नाक्याच्या पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उसाने लादलेल्या, मागे लाल दिवा असला तर असला, नाहीतर नाही. चालकांना सर्वांत भीती या ट्रॉल्यांची. मग किणी टोल, मग तावडे हॉटेल, म्हणजे कोल्हापूर आले. इथून पुढे आमची गाडी निपाणी-संकेश्वर करून गडहिंग्लजला जाते. मध्ये थोडा कर्नाटकाचा तुकडा आहे. सीमेवर वातावरण तापले की एस. टी. तिकडे सोडत नाहीत. २०२२ च्या डिसेंबरात झाले तसे, पुन्हा २०२५ च्या फेब्रुवारीतही. दोन राज्यांच्या भांडणात माहेरवाशीण अडकावी, हे कुठल्या शास्त्रात लिहिले आहे कोण जाणे.

आता एक वाईट अनुभव. ट्रॅव्हल्सचे नाव सांगत नाही. तिकिटावर स्टँडजवळचा थांबा छापलेला. मी आणि माझी तेव्हाची पाच वर्षांची मुलगी. पहाटे चारला क्लीनरने पडदा सरकवून हाक दिली, "चला ताई, उतरा." बाहेर बघते तर हायवेचा उड्डाणपूल. खाली काळोख, वर सोडियमचा एक दिवा. म्हटले, स्टँड कुठे आहे? म्हणाला, "गाडी आत जात नाही, रिक्षा मिळेल." मी जागची हलले नाही. सांगितले, लेकराला घेऊन मी इथे उतरणार नाही, तिकिटावरचा थांबा दाखव. त्याने आवाज चढवला. तेव्हा समोरच्या बर्थवरच्या एक आजी उठून बसल्या आणि म्हणाल्या, "तिला दिव्यात सोड, नाहीतर आम्ही सगळ्याच उतरतो आणि तुझ्या गाडीपुढं बसतो." गाडी दोन किलोमीटर पुढे नेऊन त्याने आम्हाला उघड्या पेट्रोल पंपावर सोडले. भाऊ मोटारसायकल घेऊन येईपर्यंत पंपावरच्या पोऱ्याने मुलीला बसायला खुर्ची दिली. तेव्हापासून पहाटे उतरायचे असले की थांबा कुठला, तिथे किती वाजता पोचणार आणि न्यायला कोण येणार, या तीन गोष्टी पक्क्या असल्याशिवाय मी निघत नाही.

आणि हे बोलताना फेब्रुवारी २०२५ मधली स्वारगेटची घटना आठवल्याशिवाय राहत नाही. पहाटेची वेळ, एक तरुण मुलगी फलटणच्या गाडीची वाट बघत होती. गाडी दुसरीकडे लागली आहे असे सांगून तिला स्टँडमध्येच उभ्या असलेल्या अंधाऱ्या बसमध्ये नेले आणि तिच्यावर अत्याचार झाला. त्या आठवड्यात आमच्या शिक्षकखोलीत एकजण म्हणाली, "पण ती गेलीच कशी?" मला तो प्रश्न सहन झाला नाही. आपण सगळ्याजणी आयुष्यभर स्टँडवर कुणीतरी "ताई, ती गाडी तिकडे लागलीय" म्हणते म्हणूनच तर गाड्या पकडत आलो आहोत! विश्वास ठेवल्याशिवाय बाई प्रवासच करू शकत नाही. रिकाम्या गाड्यांना कुलूप का नव्हते, दिवे का नव्हते, हा खरा प्रश्न. तोवर आपल्या हाती एवढेच, की गाडी कुठे लागली ते चौकशीच्या खिडकीवर विचारावे, आत दिवा आणि माणसे नसलेल्या गाडीत पाय ठेवू नये, आणि शंका आली की ११२ नंबर फिरवायला संकोच करू नये.

दुसरी गोष्ट आगीची. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईला येणारी खाजगी शयनगाडी नाशिकजवळ धडकून पेटली. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या गावाकडची गाडी. दिवसभर त्या फोनला चिकटून होत्या. पुढे १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूर-पुणे बस उलटून पेटली, पंचवीस माणसे गेली. गाडी दाराच्या अंगावर कलंडली, त्यामुळे दार उघडायचा प्रश्नच उरला नाही; जे वाचले ते काच फोडून. हे घाबरवायला सांगत नाही. पण आपण नव्या घरात गेलो की गॅसचा नळ कुठे आहे ते आधी बघतो की नाही? तसेच गाडीत चढताच संकटकाळचे दार कुठले आणि काच फोडायची हातोडी कुठे अडकवली आहे, ते बघून मगच पांघरूण घ्यावे. हातोडी नसेल तर विचारावे. संकटकाळच्या दारापुढे पार्सलची खोकी रचलेली असली तर ती हलवायला लावावी. एकदा मी असे म्हटले तेव्हा क्लीनर हसला. पण खोकी हलवली.

दोन वर्षांपूर्वी माघातल्या एका रात्री साडेनऊला भावाचा फोन आला, आईला छातीत दुखते म्हणून दवाखान्यात नेले आहे. आरक्षण वगैरे कशाचा विचार न करता मी पनवेल स्टँड गाठला. अकराच्या सुमाराला आलेली कोल्हापूरची एस. टी. गच्च भरलेली. वाहकाने माझ्या तोंडाकडे बघितले आणि काही न विचारता दारालगतची स्वतःची जागा मला दिली, आपण केबिनमध्ये चालकाजवळ जाऊन बसला. मागच्या सीटवर एक प्रौढ बाई नवऱ्याला घेऊन खारघरच्या टाटातून परत चालल्या होत्या. दर तीन आठवड्यांनी या रात्रीच्या गाडीने येतात, उपचार घेतात आणि रात्रीच्याच गाडीने जातात, कारण मुंबईत राहायला जागा नाही. त्या नवऱ्याचे डोके मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी रडत होते हे त्यांना पाठमोरीवरून कसे कळले देव जाणे. घोंगडीचे एक टोक त्यांनी पुढे माझ्या खांद्यावर टाकले आणि म्हणाल्या, "गाडी चाललीया न्हवं? चाललीया तोवर बसून ऱ्हायाचं."

सकाळी साडेसातला मी आईच्या खाटेजवळ होते. तिला बरे वाटत होते. डोळे उघडून मला बघितले आणि पहिले वाक्य काय, तर रागाचे: "एकटीच आलीस व्हय? रात्रीची?" माझी आई उभ्या जन्मात रात्रीच्या गाडीने एकटी कुठे गेली नव्हती. वडील बरोबर असत, नाहीतर भाऊ, नाहीतर जाणेच रद्द.

माझे माहेरी जाणे वाढले ते मात्र एका साध्या सरकारी निर्णयाने. १७ मार्च २०२३ पासून एस. टी.च्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत बायकांना अर्धे तिकीट झाले. (सिडकोही १७ मार्चचीच; आमच्या नशिबात ही तारीख दिसते.) सवलत राज्याच्या हद्दीपुरती असली तरी पुरे. २०२५ च्या जानेवारीत भाडे वाढले, पण निम्मे ते निम्मेच. आधी वर्षातून दोनदा जात होते, आता चार-पाचदा जाते, आणि ह्यांच्याकडे पैसे मागावे लागत नाहीत, माझ्या तासिकांच्या पैशांत येणे-जाणे बसते. पंचाहत्तरीपुढच्यांना तर २०२२ पासून तिकीटच नाही. माथाडी आजोबा उगाचच पाटणला जाऊन येतात. परवा सांगत होते, "काही काम नव्हतं. गाडीत बसून आलो."

परतीचा प्रवास रविवारी रात्रीचा. तेव्हा पिशवी जाताना होती त्याच्या दुप्पट: संकेश्वरी मिरची, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, काकवीची बाटली तिहेरी पिशवीत बांधलेली, आणि "गाडीत लागेल" म्हणून आयत्या वेळी कोंबलेले धपाटे. सोमवारी पहाटे कळंबोलीला उतरायचे, घरी जाऊन आंघोळ, मुलांचे डबे, आणि सात वीसला सातवी 'ब'च्या वर्गात उभे राहायचे. मुले बरोबर ओळखतात. "बाई, गावाहून आलात ना?" फळ्यावर लिहिताना माझी ओळ त्या दिवशी घाटासारखी वर चढत जाते म्हणे.

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. सदुसष्ट वर्षांची आहे. भावाला सुट्टी नाही आणि वाट बघायचा तिला कंटाळा आला आहे. म्हणाली, "मीच येतो तुझ्याकडं. रातराणीचं तिकीट काढ. अर्धंच पडतंय न्हवं मला? खिडकी बघ." मी भावाला विचारून घेते म्हटले, तर म्हणाली, त्याला मी सांगितलंय. काल आरक्षण झाले. मधली सीट, खिडकीची, शेजारची जागाही बाईचीच आहे. गाडी पहाटे पनवेल स्टँडला येईल, मी साडेचारलाच जाऊन उभी राहणार आहे. गाडीचा नंबर तेवढा अजून मिळायचा आहे.